आमच्या विद्यापीठाच्या फुटबॉल संघाची लाइन आणि पुन्हा पुन्हा गमावला जाणारा चेंडू: दुखणे एक की दोन?

सांजवारा (प्रश्न):

नमस्कार.

अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील एका राज्य विद्यापीठात माझे शिक्षण झाले. पदवी घेऊन बरीच वर्षे उलटली, तरी सप्टेंबर ते नोव्हेंबरमधले शनिवार मी आजही तिथल्या फुटबॉल संघासाठी राखून ठेवतो; हा फुटबॉल म्हणजे चेंडू हाताने फेकण्याचा आणि घेऊन धावण्याचा अमेरिकन फुटबॉल. संघाचे नाव येथे लिहीत नाही, कारण मैदानावर उतरणारी मुले एकोणीस-वीस वर्षांची आहेत आणि त्यांतल्या कोणा एकाला चव्हाट्यावर आणावे असे मला वाटत नाही. प्रश्न मात्र मनाला लागून राहिला आहे, म्हणून तो येथील जाणकारांपुढे मांडतो.

हंगामाचे सहा सामने झाले आणि त्यांपैकी चार आम्ही हरलो. चारही पराभवांचा साचा एकच आहे. मध्यंतरापर्यंत संघ बरोबरीने खेळतो, बचावफळी आपले काम चोख करते, आणि तिसऱ्या क्वार्टरमध्ये आमच्या हातून चेंडू जायला सुरुवात होते; कधी तो क्वार्टरबॅकच्या (आक्रमण चालवून पास फेकणाऱ्या खेळाडूच्या) हातून निसटतो, कधी घाईने फेकलेला पास प्रतिस्पर्ध्याच्या हातात जाऊन पडतो, आणि एकदा तर सेंटरने (लाइन म्हणजे क्वार्टरबॅकपुढे उभी राहून समोरच्यांना अडवणारी पाच जणांची फळी; तिच्या मध्यभागचा तो सेंटर) मागे दिलेला चेंडूच क्वार्टरबॅकच्या डोक्यावरून गेला. धावून मिळवलेल्या यार्डांची सरासरीही इतकी खाली आली आहे की पहिल्या डाऊनला (दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी मिळणाऱ्या चार संधींपैकी प्रत्येक म्हणजे डाऊन) धाव घेणे म्हणजे तो डाऊन वाया घालवणे, असे माझ्या ओळखीचे जुने प्रेक्षक उघडपणे म्हणू लागले आहेत.

गेल्या शनिवारचा एक प्रसंग सांगतो. सामना प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर होता आणि मी एंड झोनच्या (मैदानाच्या टोकाच्या पट्ट्याच्या) मागे, पाहुण्यांसाठी राखलेल्या कोपऱ्यात बसलो होतो. आम्ही तीन गुणांनी पुढे होतो; तिसरा डाऊन, आठ यार्ड बाकी. स्नॅप होताच, म्हणजे सेंटरने चेंडू मागे देताच, आमचा डावा टॅकल (लाइनच्या डाव्या टोकाचा खेळाडू) दोन पावले मागे सरकला, तिसऱ्या पावलाला त्याचे खांदे बाहेरच्या बाजूला वळले, आणि समोरचा डिफेन्सिव्ह एंड (बचावफळीच्या टोकाचा खेळाडू) त्या वळलेल्या खांद्याच्या आतल्या बाजूने सरळ घुसला. क्वार्टरबॅकने नुकताच चेंडू कानाजवळ उचलला होता. हात पुढे येण्याआधीच त्याच्या मनगटावर फटका बसला, चेंडू गवतावर पडून दोनदा उडाला, आणि तो आपल्या पाठीमागे पडला आहे हे आमच्या गार्डला (सेंटर आणि टॅकल यांच्यामधल्या खेळाडूला) कळेपर्यंत प्रतिस्पर्ध्यांपैकी दोघांनी त्यावर अंग टाकले होते. त्यानंतर आम्ही तो सामना पुन्हा आपल्या बाजूला खेचू शकलो नाही.

आता आमच्या पाठीराख्यांत दोन तट पडले आहेत. क्वार्टरबॅक बदला, तोच चेंडू सांभाळू शकत नाही, असे एक तट म्हणतो. दुसऱ्या तटाला सगळा दोष लाइनमध्ये, विशेषतः त्या डाव्या टॅकलमध्ये दिसतो. माझे मत अजून बनलेले नाही. लाइनचा कमकुवतपणा आणि चेंडू गमावणे ही दोन वेगळी दुखणी आहेत की एकाच दुखण्याची दोन लक्षणे आहेत? आणि माझ्यासारख्या, आजवर केवळ चेंडूच्या मागे नजर फिरवत आलेल्या प्रेक्षकाने लाइनचा खेळ पाहावा तरी कसा?

दुर्बीण:

सांजवाराजी, आपला प्रश्न योग्य आहे आणि माझे उत्तर स्पष्ट आहे: बहुतांशी ते एकच दुखणे आहे. मात्र त्याची सुरुवात आपण वर्णन केलेल्या तिसऱ्या डाऊनला होत नाही. ती त्याच्या दोन डाऊन आधी झालेली असते.

पहिल्या डाऊनला धाव घेतली आणि लाइनला समोरच्यांना रेषेवरून हलवता आले नाही, तर दुसरा डाऊन दहा यार्डांचा उरतो. त्यावर एखादा छोटा पास मिळतो आणि तिसऱ्या डाऊनला सात-आठ यार्ड शिल्लक राहतात. या क्षणी मैदानावरच्या बावीसही जणांना ठाऊक असते की आता पास येणार. धाव अडवण्याची चिंता मिटल्यामुळे डिफेन्सिव्ह एंडला थांबून अंदाज घ्यावा लागत नाही. तो स्नॅपबरोबर सुटतो आणि त्याचे सगळे बळ क्वार्टरबॅकपर्यंत पोहोचण्यात लागते. आपल्या टॅकलला त्याच्याशी अशा परिस्थितीत झुंजावे लागले की जिथे चांगले टॅकलही हरतात. फंबल, म्हणजे चेंडू हातून निसटणे, तिसऱ्या डाऊनला झाले असे आकडेपत्रकात नोंदले जाते, पण त्याचे बीज पहिल्या डाऊनला गार्ड आणि सेंटर यांच्यामधल्या अडलेल्या वाटेत पडलेले असते.

धावेच्या सरासरीबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण तिच्यामुळे पुष्कळांची फसगत होते. कॉलेज फुटबॉलच्या अधिकृत आकडेवारीत सॅकमध्ये (पास फेकण्याआधीच क्वार्टरबॅक रेषेमागे पाडला गेल्यावर) गमावलेले यार्ड संघाच्या धावेच्या खात्यातून वजा होतात. एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये ते पासच्या खात्यातून वजा होतात. त्यामुळे क्वार्टरबॅक चार वेळा पाठीवर पडला की रनिंग बॅकने बरी धाव घेतली असली तरी संघाची धावेची सरासरी रसातळाला गेलेली दिसते. सॅकचे यार्ड बाजूला काढून सरासरी पुन्हा मांडून पाहा. ती तरीही कमी आली तर धावेसाठीचे ब्लॉकिंग खरोखरच कच्चे आहे, आणि ठीकठाक आली तर दुखणे पासच्या संरक्षणात आहे. या दोन्हींवरचे उपाय वेगवेगळे आहेत.

आता लाइन पाहायची कशी? सेंटर, दोन गार्ड, दोन टॅकल असे हे पाच जण. नेहमीच्या मांडणीत त्यांच्या पाठीवर 50 ते 79 मधले क्रमांक असतात आणि त्यांना पास झेलता येत नाही. म्हणजे चेंडू वाहून नेण्याचे श्रेय त्यांच्या वाट्याला जवळजवळ कधीच येत नाही. स्नॅपनंतरच्या पहिल्या सेकंदात चेंडूकडे पाहूच नका. या पाच जणांची पहिली दोन पावले पाहा. धावेच्या वेळी पाचही जणांचे पहिले पाऊल एकाच लयीत पडते का, खांदे समोरच्यापेक्षा खाली राहतात का, आणि हात त्याच्या छातीवर आतल्या बाजूने बसतात का, एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते. ज्याचे खांदे आधी वर येतात तो मागे ढकलला जातो. त्याचे वजन तीनशे पौंड असले तरी ते त्याला वाचवत नाही.

पासच्या वेळी पाहायची गोष्ट वेगळी आहे. बचावातले दोघे एकमेकांची जागा अदलाबदल करत आत येतात, त्याला स्टंट म्हणतात. एंड आत वळतो आणि बचावाचा आतला टॅकल त्याच्या मागून वळसा घेऊन बाहेर येतो. अशा वेळी आपल्या गार्डने आणि टॅकलने आपापल्या माणसाचा पाठलाग करायचा नसतो, तर तो एकमेकांच्या हवाली करायचा असतो. ही देवघेव शब्दांवाचून, अर्ध्या सेकंदात व्हावी लागते. ती केवळ ताकदीने साधत नाही. शेजारचा काय करील हे अंगात मुरलेले असावे लागते. म्हणूनच या खेळात एक मोठा सन्मान एका खेळाडूला न देता संपूर्ण लाइनला दिला जातो. पिट्सबर्ग आणि नोत्र दाम या विद्यापीठांत लाइनचे प्रशिक्षक राहिलेल्या जो मूर यांच्या नावाचा हा पुरस्कार 2015 च्या हंगामापासून सुरू झाला आणि पहिल्या वर्षी तो अलाबामाला मिळाला. 2024 चा पुरस्कार आर्मीला गेला, आणि मला त्याचा विशेष आनंद झाला. लष्करी अकादमीतली ही मुले बड्या परिषदांतल्या (विद्यापीठ संघांच्या गटांतल्या) लाइनमनपेक्षा अंगाने हलकी असतात, पण वर्षानुवर्षे एकत्र राहून त्यांची पावले एक झालेली असतात.

आपल्या संघाच्या लाइनमधले पाच जण किती काळ एकत्र खेळत आहेत, हे पाहिले आहे का? ट्रान्सफर पोर्टल (विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नोंदणी) 2018 च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाले, आणि 2021 मध्ये विद्यापीठ बदलल्यावर एक वर्ष बाहेर बसण्याची सक्ती पहिल्या बदलापुरती उठली. त्यानंतर जानेवारीत दोन, मे महिन्यात एक असे लाइनमन बाहेरून आणून सप्टेंबरमध्ये फळी उभी करणे सर्रास होऊ लागले. पाच चांगले खेळाडू मिळतात. त्यांची लाइन व्हायला मात्र वेळ लागतो.

धोपटमार्ग:

दुर्बीण यांचे विवेचन मला पटते, पण त्यातून क्वार्टरबॅक अगदीच निर्दोष सुटतो, ते पटत नाही. पासच्या संरक्षणातले निम्मे काम क्वार्टरबॅकचे स्वतःचे असते आणि ते लाइनच्या माथी मारले जाते.

टॅकल मागे सरकत असतो तेव्हा त्याच्या पाठीमागे डोळे नसतात. क्वार्टरबॅक ठरलेल्या खोलीवर, म्हणजे रेषेपासून साधारण सात-आठ यार्ड मागे उभा असेल, हे गृहीत धरून तो एंडला त्या जागेच्या बाहेरून वळसा घ्यायला भाग पाडतो. क्वार्टरबॅक घाबरून दहा यार्ड मागे गेला, की एंडचा तोच वळसा थेट त्याच्या पाठीवर येऊन संपतो. टॅकलने आपले काम बरोबर केलेले असते, तरी सॅक त्याच्या नावावर लागते. चेंडू किती वेळ हातात राहतो हेही मोजावे. तीन सेकंदांच्या पुढे कोणतीही लाइन रोज टिकत नाही.

आणि हातांचे काय? पॉकेटमध्ये, म्हणजे लाइनने राखलेल्या जागेत, असताना चेंडू दोन हातांत, छातीच्या उंचीवर हवा. गर्दीत एका हाताने चेंडू खाली सोडणारा क्वार्टरबॅक उत्तम लाइनमागेही फंबल करतो. ही सवय आहे, आणि सवय बदलता येते. त्यामुळे त्याला बाकावर बसवावे असे मी म्हणत नाही. नवा मुलगा त्याच लाइनमागे उभा राहील आणि त्याला समोरच्या बचावाचे वाचनही कमी येत असेल. पण सरावात त्याच्याकडून या दोन गोष्टी करून घेतल्या जात नसतील, तर ती प्रशिक्षकांची चूक आहे, आणि ती लाइनच्या चुकीइतकीच मोठी आहे.

आकडेमोड:

दोन्ही प्रतिसादांत एक गोष्ट राहून गेली आहे, आणि ती सांगितल्याशिवाय या प्रश्नाला न्याय मिळणार नाही असे मला वाटते. चेंडू गमावण्यात नशिबाचा वाटा मोठा असतो.

फंबल होणे आणि फंबल गमावणे या दोन वेगळ्या घटना आहेत. चेंडू लंबगोल असल्याने जमिनीवर पडल्यावर तो कुठे उडेल हे कोणालाच सांगता येत नाही, आणि पुरेसे सामने पाहिले तर निसटलेले चेंडू दोन्ही बाजूंमध्ये जवळपास निम्मे-निम्मे वाटले जातात. चेंडू निसटू न देणे हे कौशल्य आहे; निसटलेला चेंडू आपल्यालाच मिळणे यात कौशल्य फारच थोडे आहे. पासचेही तसेच आहे. बचावातल्या खेळाडूचा हात लागलेल्या पासांपैकी ढोबळमानाने पाचातला एकच त्याच्या हातात बसतो, बाकीचे जमिनीवर पडतात. एखाद्या संघाचे सहा सामन्यांत निसटलेले जवळजवळ सगळे चेंडू आणि हात लागलेले निम्मे पास समोरच्याला मिळाले असतील, तर तो संघ वाईट खेळला तेवढाच दुर्दैवीही ठरला. म्हणून गमावलेले चेंडू मोजू नका; निसटलेले सगळे फंबल आणि हात लागलेले सगळे पास मोजा. पुढच्या सहा सामन्यांत काय होईल याचा अंदाज त्यातून अधिक बरा बांधता येतो.

मोजताना हेही पाहावे की चौथ्या डाऊनला यार्ड न मिळाल्याने चेंडू सोडावा लागला, तर अधिकृत टर्नओव्हर मार्जिनमध्ये (हिसकावलेल्या आणि गमावलेल्या चेंडूंच्या फरकात) तो धरला जात नाही. चौथ्या डाऊनला वारंवार जोखीम घेणाऱ्या आणि लाइन कच्ची असलेल्या संघाचे खरे नुकसान त्यामुळे त्या आकड्यात दिसत नाही.

लाइन सुधारली की चेंडू आपोआप सुरक्षित होईल, या समजुतीलाही मी एक अपवाद दाखवू इच्छितो. 2017 च्या नोत्र दामची लाइन देशातली सर्वोत्तम ठरली. दुर्बीण यांनी सांगितलेला जो मूर पुरस्कार त्या वर्षी तिलाच मिळाला. तिचा डावा गार्ड क्वेंटन नेल्सन आणि डावा टॅकल माइक मॅकग्लिंची हे पुढच्या वर्षीच्या एनएफएल ड्राफ्टमध्ये (विद्यापीठांतल्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) अनुक्रमे सहाव्या आणि नवव्या क्रमांकावर निवडले गेले. त्याच लाइनमागे उभा असलेला संघ 11 नोव्हेंबर 2017 च्या रात्री मायामीत गेला, चार वेळा चेंडू गमावून बसला आणि 41–8 असा हरला. मायामीचा संघ त्या हंगामात चेंडू हिसकावणाऱ्या खेळाडूच्या गळ्यात सोन्याची जाड साखळी घालत असे. त्या रात्री ती साखळी पुन्हा पुन्हा बाहेर आली. संघ सुरुवातीलाच मागे पडला, धाव सोडून पासकडे वळावे लागले, आणि देशातल्या सर्वोत्तम लाइनचे जे सर्वांत मोठे बळ होते तेच वापरता येईना. कारण आणि परिणाम उलट्या दिशेनेही वाहतात, ते असे. चेंडू गमावल्याने लाइन वाईट दिसू लागते.

दुर्बीण:

आकडेमोड यांचा शेवटचा मुद्दा मी मान्य करतो आणि माझ्या विधानाला तेवढी मुरड घालतो. पण नोत्र दामचे उदाहरण एका रात्रीचे आहे, आणि सांजवाराजींचे दुखणे चार सामन्यांचे आहे. नशीब चार सामन्यांत चारही वेळा तिसऱ्याच क्वार्टरमध्ये रुसत नाही. मध्यंतरात प्रतिस्पर्ध्याचे प्रशिक्षक काहीतरी हेरत असले पाहिजेत, आणि आपल्या संघाचे प्रशिक्षक त्याला उत्तर शोधत नसले पाहिजेत. कोणत्या दोघांच्या मधून स्टंट येतो आहे, ते तिसऱ्या क्वार्टरच्या पहिल्या दोन मालिकांत (चेंडू आपल्याकडे असतानाच्या सलग खेळींत) पाहावे, अशी माझी विनंती आहे.

पडद्यामागे:

येथे मी क्वचितच लिहितो, पण विषय जिव्हाळ्याचा आहे. शिकत असताना दोन वर्षे मी एका विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा विद्यार्थी व्यवस्थापक होतो. काम साहित्याचे होते: चेंडू, टॉवेल, हेल्मेट, आणि सरावात जे कोणी सांगेल ते. त्या दोन वर्षांत मी खेळ बाजूने पाहिला नाही, तर मागून आणि खालून पाहिला. सांजवाराजींनी डोक्यावरून गेलेल्या एका स्नॅपचा उल्लेख केला आहे आणि त्यानंतर कोणीच त्याकडे वळले नाही, म्हणून लिहितो.

स्नॅप ही प्रत्येक खेळीची पहिली कडी असते आणि ती सेंटरच्या हातात असते. शॉटगन या मांडणीत क्वार्टरबॅक पाच यार्ड मागे उभा असतो. सेंटरला चेंडू मागे देऊन त्याच क्षणी समोरच्याला अडवायचे असते, आणि बचावाच्या मध्यभागचा नोज टॅकल अगदी त्याच्या डोक्यासमोर असेल तर त्याचे मन आधीच पुढे धावलेले असते. मन पुढे गेले की मनगट उशिरा सुटते आणि चेंडू वर जातो. उंच स्नॅप म्हणजे बेफिकिरी, असे प्रेक्षकांना वाटते. माझ्या अनुभवात ते बहुतेक वेळा समोरच्याच्या दडपणाचे लक्षण होते. सेंटरच्या पाठीमागे कमरपट्ट्याला टॉवेल खोचलेला दिसतो, तो क्वार्टरबॅकने हात पुसण्यासाठी असतो. पावसाळी दिवशी आम्ही दोन-तीन खेळींनंतर कोरडा चेंडू आत पाठवायचो. आक्रमण करणारा संघ स्वतःचेच चेंडू वापरतो, त्यामुळे ती जबाबदारी आमची असे. तरीही सामन्यात पाऊस येणार असे दिसले की आमचे लाइनचे प्रशिक्षक आदल्या मंगळवारी चेंडू बादलीत बुडवून काढायला लावत आणि सेंटरकडून त्याच चेंडूने शंभर स्नॅप करून घेत. सेंटर कंटाळायचा, पण मोजणी मी करत असे आणि शंभर होईपर्यंत कोणी हलत नसे.

स्नॅपने काय होऊ शकते याचे उदाहरण 17 ऑक्टोबर 2015 रोजी अ‍ॅन आर्बरमध्ये घडले. मिशिगन 23–21 असा पुढे होता, सामन्याचे 10 सेकंद उरले होते आणि केवळ पंट करायचा, म्हणजे चेंडू लाथेने दूर उडवायचा, होता. पंटरला आलेला स्नॅप हातात बसला नाही, चेंडू हवेत उडाला, आणि मिशिगन स्टेटच्या जेलन वॉट्स-जॅक्सनने तो घेऊन 38 यार्ड धावत टचडाऊन केले. सामना 27–23 असा फिरला. त्या क्षणापर्यंत मिशिगनने सामना जिंकल्यातच जमा होता.

दुसरी गोष्ट आवाजाची. प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर साठ-सत्तर हजार लोक ओरडत असतात तेव्हा क्वार्टरबॅकचा आवाज टॅकलपर्यंत पोहोचत नाही. मग मूक मोजणी वापरतात. क्वार्टरबॅक पाय उचलून किंवा हाताने खूण करतो, सेंटरचे डोके खाली असल्याने शेजारचा गार्ड ती खूण पाहून त्याला हाताने थोपटतो, सेंटर डोके वर करतो आणि ठरलेल्या लयीनंतर स्नॅप देतो. टॅकलला हे काहीच ऐकू येत नाही. त्याला डोळ्याच्या कोपऱ्यातून चेंडू हलताना पाहून सुटावे लागते, आणि समोरचा एंडही तोच चेंडू पाहत असतो. घरच्या मैदानावर टॅकलला जी अर्ध्या पावलाची आघाडी मिळते, ती येथे नाहीशी होते. 2024 पासून एफबीएसमध्ये (विद्यापीठ फुटबॉलच्या सर्वोच्च श्रेणीत) प्रशिक्षकाला एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये बोलता येते, पण प्ले क्लॉकवर (पुढची खेळी सुरू करण्याची मुदत दाखवणाऱ्या घड्याळावर) 15 सेकंद उरले की तो आवाज बंद होतो, आणि तसाही तो लाइनपर्यंत नसतोच. बचावफळी नेमकी त्या शेवटच्या सेकंदांत हालचाल करते. लाइनबॅकर (बचावाच्या पुढच्या फळीमागे उभा राहणारा खेळाडू) एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरकला की सेंटरला संरक्षणाची दिशा बदलावी लागते, आणि ती बातमी एका खांद्याकडून दुसऱ्या खांद्याकडे जात दोन्ही टोकांच्या टॅकलपर्यंत पोहोचवावी लागते. ती एका टोकाला पोहोचली आणि दुसऱ्याला पोहोचली नाही, तर चार जण एक खेळी खेळतात आणि पाचवा वेगळीच.

आपण सांगितलेला प्रसंग मी पाहिलेला नाही. पण टॅकलचे खांदे तिसऱ्याच पावलाला बाहेर वळले, हे वाचून माझ्या मनात शंका आली. इतक्या लवकर आतली बाजू कोणताही शिकलेला टॅकल उगाच मोकळी टाकत नाही. आत आपला माणूस आहे अशी त्याची खात्री असेल, तरच तो तसे वळेल. त्या खेळीत शेजारच्या गार्डचे पहिले पाऊल कुठे पडले, ते कृपया पाहाल का?

सांजवारा:

सर्वांचे मनापासून आभार. उत्तराला चार दिवस लागले, कारण आपण सांगितले तसे सामने पुन्हा पाहिल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

पडद्यामागे यांची शंका खरी निघाली. ती खेळी मी थांबवून थांबवून पुष्कळ वेळा पाहिली. प्ले क्लॉकवर चार सेकंद उरले असताना समोरचा लाइनबॅकर आमच्या डावीकडून उजवीकडे सरकला. आमच्या सेंटरने डोके वर करून उजवीकडे बोट दाखवले. डाव्या गार्डने ते पाहिले आणि स्नॅप होताच त्याचे पहिले पाऊल उजवीकडे पडले. सेंटर, उजवा गार्ड, उजवा टॅकल हेही उजवीकडे सरकले. डाव्या टॅकलची मान त्या क्षणी समोरच्या एंडकडे वळलेली होती. त्याला खूण दिसली नाही, आणि त्या गोंगाटात ऐकू येणे शक्यच नव्हते. आधी ठरले होते त्याप्रमाणे आत गार्ड आहे असे समजून त्याने बाहेरची बाजू धरली. आत कोणीच नव्हते. सामन्याच्या दिवशी मी त्या मुलावर मनातल्या मनात फार चिडलो होतो, आणि शेजारच्यांशी बोलतानाही त्याच्याविषयी कठोर शब्द वापरले होते. ते शब्द मी येथे मागे घेतो.

धोपटमार्ग यांचे म्हणणेही इतर खेळींत दिसले. दोन सॅकच्या वेळी आमचा क्वार्टरबॅक रेषेपासून जवळजवळ दहा यार्डांवर पोहोचला होता आणि दोन्ही वेळा उजव्या टॅकलने एंडला योग्य वाटेने बाहेर नेले होते. दोन हातांची गोष्ट मात्र त्याला लागू होत नाही. गर्दीत तो चेंडू नीट धरतो, आणि त्या फंबलच्या वेळी तर तो फेकण्याच्या पवित्र्यात होता, तेव्हा दुसरा हात सुटणारच.

धावेची सरासरी सॅकचे यार्ड काढून मांडली. ती चांगली म्हणता येणार नाही, पण आम्ही समजत होतो तितकी वाईटही नाही. पहिल्या डाऊनची धाव सोडून द्या म्हणणाऱ्या माझ्या मित्रांना मी ते गणित पाठवले आहे. निसटलेले सगळे चेंडूही मोजले आणि आकडेमोड यांचा अंदाज खरा ठरला: जमिनीवर पडलेल्या चेंडूंपैकी आमच्या वाट्याला फारच थोडे आले आहेत.

दुर्बीण यांनी विचारलेल्या दोन्ही गोष्टी तपासल्या. आमच्या पाचांपैकी डावा गार्ड आणि उजवा टॅकल या वर्षीच दुसऱ्या विद्यापीठांतून आले आहेत, आणि सेंटर मागच्या वर्षी गार्ड म्हणून खेळत असे. तिसऱ्या क्वार्टरमधले स्टंट चारही पराभवांत बहुतेक वेळा डाव्या गार्डच्या आणि डाव्या टॅकलच्या मधूनच आले आहेत. पहिल्या अर्ध्यात ते जवळजवळ दिसतच नाहीत.

येत्या शनिवारी सामना घरच्या मैदानावर आहे. मी या वेळी पुन्हा एंड झोनच्या मागची जागा घेतली आहे, डोळ्यांना लावायची दुर्बीण सोबत नेणार आहे, आणि मध्यंतरानंतरच्या पहिल्या दोन मालिकांत चेंडू कुठेही जावो, माझी नजर 60 च्या घरातल्या त्या दोन क्रमांकांवर राहील. डाव्या गार्डने स्नॅपआधी टॅकलच्या मांडीला हात लावून दिशा कळवली की नाही, एवढेच मला आधी पाहायचे आहे. जे दिसेल ते रविवारी येथे लिहीन.